भोंगाबाई आणि टाकीमागचे जुलाब

ऑफिसात तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर जरासं आवडतही होतं. शहरातल्या दवाखान्यांत कुठल्या भागातून, कशाचे किती रुग्ण आले, याचे आकडे रोज तिच्या संगणकावर येत. एखाद्या रेघेनं जरा मान वर केली की ही साहेबांच्या दारात. "साहेब, साथ!" असं आतापर्यंत दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा साथ काही निघाली नव्हती.

घरीही तेच. मुलगी शिंकली की थर्मामीटर तिच्या काखेत. "अगं आई, नाकात मिरपूड गेली!" असं ती ओरडत असतानाच.

जुलाबाची साथ लवकर कळावी म्हणून यंदा तिनं एक प्रश्नावली काढली होती. रुग्णाला खुर्ची द्यायची आणि नीट विचारायचं: काल काय खाल्लं, कुणाबरोबर, पाणी कुठलं, घरात कोण कोण असतं. डॉक्टरांनी बोटं मोडली, पण विचारू लागले.

आणि पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीतली जुलाबाची रेघ सरळ भिंतीवर चढायला लागली. सगळे रुग्ण साठीच्या पुढचे. तिचं स्वतःचं घरही तिथलंच.

"टाकी बंद करायची तर हजारो घरं कोरडी पडतील," साहेब म्हणाले. "आणि नाही केली तर काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत माणसं बघून या आणि मला सांगा. या वेळी रेघ नको, माणसं."

ती तडक वस्तीतल्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर शिवणवाली आजी आणि निवृत्त मास्तरीणबाई यांच्या मधोमध, पावडर लावून, शेंगदाणे खात बसल्या होत्या साक्षात तिच्या सासूबाई.

"आई! तुम्हाला जुलाब? आणि वर शेंगदाणे?"

"हळू बोल. जुलाब आतमध्ये सांगायचे असतात. पोटात कुठले?"

"म्हणजे?"

"अगं, खोकला सांगितला तर तो डॉक्टर मान वर न करता गोळी देतो," शिवणवाली म्हणाली. "गुडघा सांगितला तर माझं वय मलाच सांगतो. जुलाब म्हटलं की खुर्ची देतो. काय खाल्लं, घरात कोण कोण असतं, सगळं विचारतो गुणाचा पोरगा."

"कुणाबरोबर जेवलात, हेसुद्धा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, भिंतीबरोबर. त्यानं लिहूनही घेतलं."

"आई, घरी मी विचारत नाही का तुम्हाला?"

"विचारतेस की. हात धुतले का."

तिनं तिघींच्या जिभा पाहिल्या आणि हाताची कातडी चिमटीत धरून सोडली.

"चिमटे कसले काढतेस?"

"अंगातलं पाणी कमी झालंय का बघतेय."

"मग हळू बघ."

आत डॉक्टर वैतागून बसले होते. "शौचाचा नमुना आणा म्हटलं की सगळ्या हो म्हणतात. एकीनंही आणलेला नाही. आणि वस्तीत एका लहान मुलाचंही पोट बिघडलेलं नाही."

तिनं साहेबांना फोन लावला. एवढ्या सगळ्यांत एखादी खरी असली तर?

"साहेब, टाकी चालू ठेवा. पाण्याचा नमुना तपासायला पाठवते, पण साथ नाही."

"मॅडम, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच."

त्या संध्याकाळी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडंभर पाणी उकळायला ठेवून ती शेगडीपाशी पहारा देत होती. सासूबाई आल्या, नळाखाली पेला धरला आणि तिच्याकडे बघत बघत घटाघटा रिकामा केला.

"आई!"

"बघ, उभी आहे अजून."

सकाळी अहवाल आला. पाणी स्वच्छ होतं. दुपारी तिनं सगळ्या दवाखान्यांना नवं पत्र धाडलं: साठीपुढच्या प्रत्येकाला, तक्रार कुठलीही असो, खुर्ची द्यावी आणि तेच सगळे प्रश्न विचारावेत.

जुलाबाची रेघ आडवी झाली. डॉक्टरांचे फोन मात्र थांबेनात. पहिला फोन त्या गुणाच्या पोराचा होता, आणि तो जे काही बोलला ते तिनं प्रश्नावलीत घेतलं नाही.