रविवारचा बसवंत

पिराजी नाटक कंपनीतून देवनहळ्ळीला परत आला, तेव्हा त्याचं करायचं काय, हे किल्ल्याजवळच्या मराठी घरांना कळेना. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. हुबळीपासून कोल्हापूरपर्यंत विनोदी नोकराची कामं करून लोकांना हसवून आलेला. बोलपटांनी कंपनी बुडवली आणि हा एक पत्र्याची ट्रंक घेऊन थोरल्या भावाच्या कापडदुकानात बसला. तिथं गिऱ्हाइकाच्या तोंडावर गिऱ्हाइकाचीच नक्कल करायचा. भावानं पंधरवड्यात हात जोडले.

पण अंगचा गुण कुठं जातो? शेजारचे व्यंकोजी लकवा होऊन पडले आणि अन्नाला तोंड लावीनात, तेव्हा पिराजीनं अमलदारसाहेबाच्या आवाजात "गिळ!" असा हुकूम सोडला. म्हाताऱ्यानं हसत हसत वाटी रिकामी केली. तेव्हापासून घरोघरच्या आजाऱ्यांकडून त्याला बोलावणी यायला लागली. दवाखान्यातला डॉक्टर बुधवारचा बुधवार यायचा, बाकीचे दिवस पिराजीअण्णाचे.

बासष्टच्या थंडीत, चीनच्या लढाईत ठकुबाईचा एकुलता एक बसवंत गेला. तार आली ती सुनेच्या, कमलाच्या हातात. ठकुबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले, काळीजही नाजूक. म्हातारीला सांगायचं नाही, असं जाणत्या मंडळींनी बसून ठरवलं आणि ठरवून ते आपापल्या घरी जेवायला गेले. ते ओझं वाहायचं होतं कमलाला. सासू रोज तिचा हात ओढून बांगड्या चाचपायची, सुनेच्या हातात लेकाची खुशाली शोधायची. म्हणून बांगड्या फोडता येईनात आणि मोठ्यानं रडताही येईना.

महिना झाला, लेकाची खबर नाही, म्हणून म्हातारीनं जेवण सोडलं. कमला पिराजीकडं आली.

"अण्णा, अत्ते स्वल्पसुद्धा जेवत न्हाईत. तुमी एकदा ह्यांचा आवाज काढा."

"कमला, नाटकातलं खोटं लोक कबूल होऊन ऐकतात. हे तसं नाही."

"ठाव हाय मला. एकच दिवस, अण्णा. सासूला तरी जगवू द्या."

रविवारी पिराजी गेला. बसवंताला झुबकेदार मिशा होत्या, म्हणून ट्रंकेतल्या खोट्या मिशा डिंकानं चिकटवून गेला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आई, मी आलो आहे."

आवाज बिनचूक होता, पण वाक्य नाटकातलं. पंधरा वर्षं कंपनीत काढून जिभेला तेच वळण पडलेलं. ठकुबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आई कोण रे? अव्वा म्हणायला लाज वाटती व्हय?"

पिराजी लगेच म्हणाला, "अव्वा, पलटणीत सगळी पुण्याकडची. जीभच बाटली बघ माझी."

म्हातारी हसली. तिचा हात त्याचं तोंड चाचपायला पुढं आला. मिशांपर्यंत पोचायच्या आत त्यानं तो धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"ऊट झालं का लेकरा? जेवलास का?"

"तुझ्याबिगर कसं होईल?"

त्या दिवशी दोघं एका ताटात जेवली.

एक दिवस कुठला एक दिवस राहतो! बसवंताची बदली बंगळूरच्या छावणीत झाली आणि त्याला रविवारी सुट्टी असते, असं ठकुबाईला सांगितलं. पिराजीनं खऱ्या मिशा वाढवल्या. नवरा मेलेल्या, बांगड्या घातलेल्या बाईच्या घरी हा ब्रह्मचारी दर रविवारी जातो म्हणून गावानं जीभ सैल सोडली. ज्यांनी न सांगायचं ठरवलं होतं, त्यांचीच जीभ जास्त सैल. पिराजीनं ते कानाआड केलं.

त्याला खाई ते दुसरंच. तो बोलत असताना कमला कधी समोर यायची नाही. लाजत असेल, असं त्याला वाटायचं. एका रविवारी वळून पाहिलं, तर ती दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ऐकत होती. पिराजीच्या तोंडातला घास फिरला. एकीला जगवताना आपण दुसरीला दर आठवड्याला मारतोय, हे त्याला त्या क्षणी कळलं. थांबावं तर म्हातारी जाईल. तो थांबला नाही, पण त्या घरचं अन्न त्याला पुन्हा कधी गोड लागलं नाही.

दोन वर्षांनी ठकुबाई झोपेतच गेली. तेराव्याला मंडळींनी पिराजीची पोटभर स्तुती केली. सगळे पांगले, तेव्हा कमलानं त्याला हाक मारली. बांगड्या अजून हातात होत्या.

"अण्णा, एक काम ऱ्हायलं. ह्यांचा आवाज काढा."

"आता कुणासाठी, बाई?" पिराजीनं हात जोडले.

"माझ्यासाठी. लढाईला निघाले तवा ह्याच दारात 'येतो' म्हणून गेले. आपल्यात 'जातो' कोण म्हणतं? तुमी पण दर रविवारी 'येतो' म्हणूनच उठला. तार मीच घेतली, तरी मी वाट बघत ऱ्हायले, अण्णा. एकदा 'जातो' म्हणा. मला मोकळं करा."

असला अभद्र शब्द त्यानं रंगमंचावरसुद्धा निरोप घेताना कधी उच्चारला नव्हता. तो दाराकडं तोंड करून उभा राहिला. आणि बसवंत बोलला.

"कमला, जातो मी."

कमलानं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. दोन वर्षं दाबून ठेवलेलं रडं असं फुटलं की आख्खी गल्ली दारात आली. पिराजी बाहेर कट्ट्यावर बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते.

ऊन उतरल्यावर आतला आवाज निवला. आता उठायला हवं होतं, आणि उठताना काहीतरी बोलायला हवं होतं. 'येतो' म्हणायची त्याची छाती होईना. काही न बोलताच तो पायऱ्या उतरला.