झेलिंदाची साखळी

झेलिंदा मावशीला आमच्याकडे सगळे हट्टी म्हणत. म्हणोत बापडे. तीन मालकांनी शेतावरून हाकललेली विधवा हट्टी नसेल तर काय लाजाळू असेल?

आमच्या या इटलीतल्या पो नदीच्या सपाटीत मजूर सान मार्तिनो संताच्या दिवशी, ऐन नोव्हेंबरात घर बदलतात. म्हणजे मालक बदलायला लावतो. गाडीत पलंग चढतो, कोंबड्या चढतात आणि सगळ्यात शेवटी घरची बाई चुलीवरची साखळी उतरवते, पोलेंताची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घाट्याची, कढई जिला टांगतात ती. तिनं आपल्या हातानं साखळी काढली की घर सोडलं. कागद लागत नाही. पुढच्या बिऱ्हाडाची साखळी मग मालकाचा कारभारी टांगतो, घर दिलं म्हणून.

त्या साली मावशीला नोटीस आलेली. आमच्या मजूर संघानं ती कोर्टात अडवून धरलेली. ती आपणहून निघाली नाही, तोवर घर तिचं.

अशात रोमहून सिनेमावाले उतरले. पणजोबांच्या काळातल्या शेतकऱ्यांवर सिनेमा काढायचा होता म्हणे. मालकानं हसत हसत आवार दिलं. दिग्दर्शकाला मावशीचा चेहरा आवडला आणि तिची काजळलेली चूल त्याहून जास्त.

"बाई, आता साखळी काढा. सावकाश. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

"नाही काढायची."

"अहो, खोटं खोटं आहे!"

"साखळी खरी आहे."

दारात कारभारी बेर्गोंझी उभा होता. बरोबर गावातली चार वजनदार माणसं. सिनेमा बघायला आलेत म्हणे! माझं डोकं सणकलं.

"काढ की, झेलिंदा," तो लाडानं म्हणाला. "नाटकच तर आहे."

मी पुढे झालो, तशी मावशीनं मला कोपरानं मागे ढकललं. "नेल्लो, तू गप." मग कारभाऱ्याकडे वळली. "काढते. पण लगेच तू ती तुझ्या हातानं परत टांगायचीस. माझ्यासाठी. या चौघांदेखत."

"मी? मी काय नट आहे?"

"नाटकच आहे ना?"

बेर्गोंझीचे कान लाल झाले. चौघांतला लोहार फिस्सकन हसला. कारभारी पाय आपटत निघून गेला. साखळी तशीच राहिली. सिनेमावाल्यांनी दुसऱ्या शेतावरची चूल शोधली.

म्हणून मावशी जिंकली असं नाही. कोर्टानं मालकाचं ऐकलं. सान मार्तिनोला शिपाई आले, तेव्हा आम्ही सगळे तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. एकेकाला उचलून बाहेर टाकलं. चुलीत विस्तव होता. साखळी तापलेली, एका शिपायाचा हात भाजला.

"मी नाही काढली," मावशी बाहेर येईपर्यंत हेच म्हणत होती.

नंतर ती शहरात एका खोलीत राहिली. तिथे चूल नव्हती, गॅस होता. साखळी भिंतीला खिळ्यावर.

सिनेमा लागला तेव्हा मीच तिला घेऊन गेलो. पडद्यावर गोऱ्या हातांची नटी एका हिसक्यात साखळी काढते आणि रडते. थिएटरात हुंदके. पुढच्याच रांगेत मालकाची बायको रुमाल भिजवत होती. मी उठलो. आज तिला ऐकवणारच होतो.

मावशीनं कोट ओढून मला खाली बसवलं.

"बस रे. मला बघू दे, गाडीत कोंबड्या घेतल्या का त्यांनी."