सुरयांचा पट्टा

हात उगारायला मला वेळ लागत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले, तिथे नळावर दोन भाऊ आणि अख्ख्या चाळीतली पोरं यांच्याशी झगडूनच घागर भरावी लागे. पुढे पाचोऱ्याच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर निसर्ग-निवास चालवायचं काम मला मिळालं, तेव्हा आईने हात जोडून सांगितलं होतं, "पाहुण्यांना मारू नकोस बाई." पहिल्याच हंगामात मी एकाच्या मनगटावर काठी घातली. त्याने सुरय पक्ष्याचं अंडं उचलून तळहातावर ठेवलं होतं आणि बायकोला म्हणत होता, फोटो काढ. मालकांनी माफी मागितली. मी नाही मागितली.

बेटावर बांबूच्या सहा खोल्या, दिवे सौर, पाणी माठातलं, प्लास्टिकची बाटली काठावरच काढून घ्यायची. जेवायला शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. आमचा सगळ्यात मोठा तोरा म्हणजे इथे अन्नाचा एक कण वाया जात नाही. सालं-देठं खतात जात. ताटातलं उरलेलं एका पातेल्यात जमा होई, त्यात कुत्र्याची भाकरी पडे. पहिली भाकरी गायीची, शेवटची कुत्र्याची, ही आमच्याकडची रीतच. रोज दुपारी नावेतून ते पातेलं समोरच्या काठावर जायचं. तिथे आधी दोन कुत्री असायची. तिसऱ्या वर्षी अकरा झाली. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मीही छाती फुगवून उभी राहायचे.

नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही आबा म्हणायचो. धरण झालं तेव्हा त्याचं वावर पाण्याखाली गेलं होतं. हिवाळा सरता सरता पाणी उतरलं की बेटाच्या खालच्या अंगाला त्या वावराचा एक पट्टा उघडा पडायचा, मऊ गाळाचा. आबा दरवर्षी त्यात टरबूज लावायचा. आणि त्याच पट्ट्याच्या वाळूत नदी सुरय अंडी घालायचे. राखाडी पाठीचा, पिवळ्या चोचीचा, शेपटीला दोन टोकं असलेला पक्षी. घरटं म्हणजे वाळूत टाचेने केल्यासारखा खळगा. आबाची खुरपी चालली की खळगे मोडायचे, पाखरं डोक्यावर झेपावून किंचाळायची, आणि त्या वर्षी एकही पिल्लू उडायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मी आबाच्या मागेच लागले. पट्टा सोडा, एक साल फक्त. तो चिडला.

"हाई मन्हं वावर शे ताई. पानीनी लिधं. उन्हाळामा तीन महिना मन्हं र्‍हास, ते बी तुन्हा पाखरंसले देऊ?"

मी म्हटलं, पिल्लं उडाली नाहीत तर मला तोंड दाखवू नका. हे काय बोलणं झालं? तोंड तर मी लपवायला हवं होतं, पण रागात माझं उलटंच निघतं. दोन दिवस तो नाव चालवताना माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लेकरं उडी जाऊ दे. पुढला साल पेरसू." आणि बियाण्याची पुडी त्याने घरी परत नेली. एका म्हाताऱ्याने आपल्या वर्षाचं पीक माझ्या शब्दावर सोडलं होतं. तेव्हापासून त्या पिल्लांचं उडणं माझ्या मानेवर बसलं.

मी दोर बांधला, पाहुण्यांना लांब थांबवलं, घारींवर गोफण चालवली. काठावरून जिलेटिनच्या कांड्या पाण्यात फोडून मासे मारणारे दोघे आले, त्यांच्यावर मी दगड घेऊन धावले. एकाचं कपाळ फुटलं. मेले होते शंभरेक मासे, पांढरी पोटं वर करून, आणि मला त्या माणसाच्या रक्ताने बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

अंडी फुटली. वाळूच्याच रंगाची पिल्लं, हलली तरच दिसणारी. आबा रोज सकाळी विचारायचा, "कितला राहिनात?" मी म्हणायचे, सगळे. मे उजाडला. पंख फुटत होते, आणखी आठ-दहा दिवसांचा प्रश्न होता.

एकदा पातेलं नावेत ठेवताना आबा म्हणाला, पाणी भराभर उतरतंय, मागच्या बाजूची, काठाला जोडणारी वाळूची दांडी उघडी पडेल, कुत्र्यांना आता इतक्या जवळ आणू नको. मी हसले. म्हटलं, आबा, कुत्र्यांना भाकरी मिळतेय, ती पाखरांमागे कशाला येतील? मला वाटायचं, पोट भरलं की जनावर शांत बसतं. कुत्र्यांच्या बाबतीत मी अडाणीच होते, आणि अडाण्याला सांगायला जाणारा मूर्ख ठरतो.

त्या सकाळी जळगावचे आठ पाहुणे दुर्बिणी घेऊन तयार होते. पायवाट ठीक आहे ना ते बघायला मी पुढे गेले. पट्ट्यावर आवाज होता, पण तो सुरयांचा नेहमीचा नव्हता. सगळी पाखरं वर घिरट्या घालत ओरडत होती आणि खाली आमची कुत्री होती. अकराच्या अकरा. मागच्या दांडीवर पाणी पाऊलभर उरलं होतं, ती चालत आली होती. भुकेली नव्हतीच, म्हणून खातही नव्हती. एक पिल्लू उचलायचं, झटकायचं, टाकायचं, दुसरं. वाळूवर सगळीकडे पिसं आणि लाल डाग. एक कुत्रं मला बघून शेपूट हलवत आलं, पातेलं घेऊन आलेय असं समजून. त्याच्या तोंडात पंख होता.

पट्ट्याला लावलेल्या नावेतलं वल्हं कधी उचललं, आठवत नाही. पहिला फटका एका पिवळ्या कुत्रीच्या कमरेत बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. बाकीची पळाली. ती पळू शकली नाही. पुढच्या पायांनी स्वतःला ओढत माझ्याकडेच येत राहिली, आणि तिचे सड दुधाने भरलेले होते. मी पुन्हा मारलं, चुकलं, जबडा फुटला. मी ओरडत होते, शिव्या देत होते, आणि ती रडत होती.

आबा धावत आला. त्याने पट्टा पाहिला. एक पिल्लू पायाशी पडलं होतं, ते उचललं, मान लुळी पडली, ते परत ठेवलं.

"बठ्ठा?" त्याने विचारलं.

मी मान हलवली, सगळीच.

"यास्ले आठे कोनी बलावं?" त्याने पळालेल्या कुत्र्यांच्या दिशेने पाहिलं. "तूच बलावं, रोज भाकर देईसन." तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने कुत्रीकडे बोट दाखवलं. "अर्धी मारीसन सोडू नको. पुरी कर."

मी म्हटलं, आबा, तुम्ही करा. तो म्हणाला, मी कशाला? मी केलं. तीन फटके लागले. त्याने तोंड फिरवलं नाही.

लांबून पाहुण्यांचे आवाज येऊ लागले, दोराजवळ पोचले होते ते. आबाने माझ्या हातातलं वल्हं घेतलं.

"आते यास्ले काय दाखाडू?"

मी दोराकडे चालत गेले. मग दोर सोडला, पाहुण्यांना आत घेतलं, आणि कुत्री कुणी पाळली, पट्टा कुणी कुणासाठी सोडला होता, हे सगळं त्यांना तिथे उभं राहून सांगितलं. आबा शेजारी उभा राहून ऐकत होता.