कानसेनाचा डावा कान

...तर काल कुठे थांबलो होतो मी? हां, नळीपाशी. कानसेनानं रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं डाव्या कानात घातलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

कानसेन म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक. गाणं कधी धड ऐकलं नाही पठ्ठ्यानं, पण इंजिन जरा बेसूर झालं की लांबून ओळखायचा, म्हणून हे नाव. समोर उभी होती डॉक्टरीणबाईंची जुनी स्पोर्ट्स गाडी; लाल, बुटकी, दोघांपुरती. चौकात थांबली की थरथरायची, ठसकायची आणि बंद पडायची. तिला कार्बोरेटर दोन. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. नळीतून दोघांची सूंसूं सारखी ऐकू आली की जोडी जुळली. मागच्याची खणखणीत होती. पुढच्याची जेमतेम.

आता यात चेहरा उतरण्यासारखं काय? तर त्याची जुनी खोड अशी, की पुढच्याला डावा कान लावायचा आणि मागच्याला उजवा. बॉनेटखाली ओणवं झालं की तसंच सोयीचं पडे. त्यामुळे कमी कोण पडतंय, कार्बोरेटर की कान, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे मार्ग होता. नळी दुसऱ्या कानात घालायची, झालं. पण तेवढंच त्याच्या हातून होईना.

त्यानं प्लग बदलले. जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकं, साफ केले. स्क्रू पिळून पेट्रोल वाढवलं, तर गाडी काळा धूर ओकायला लागली. मी बाकावर बसून बघत होतो. पाना हातातून सारखा निसटत होता त्याच्या.

सुटे भाग काढून देणं वहिनीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. ती म्हणाली, "आत्ताच घातलेले प्लग परत काय काढताय? कान बदला की."

"बघू."

"घाबरलात?"

तो हळूच म्हणाला, "अगं, कान गेला तर माझ्याकडे उरलं काय? नाक?"

"ते आहेच, जिथे तिथे खुपसायला," वहिनी म्हणाली, पण हसली नाही. तिनं नळी उचलली आणि स्वतःच त्याच्या उजव्या कानात घातली.

त्यानं डोळे मिटले. मीही बाकावर पुढे सरकलो, खोटं कशाला सांगू.

"पुढचाच," तो म्हणाला. "उजव्यालाही जेमतेमच येतंय."

मग मात्र हात चालले. कार्बोरेटरच्या आत हवेची झडप फिरवणारा दांडा असतो. तो बोटांनी हलवला, तर भोकात खुळखुळला. झिजून फट पडली होती आणि तिथून हवा चोरवाटेनं आत शिरत होती. कानसेनानं फटीवर दाट ऑइलचे थेंब सोडले. फट बुजली आणि गाडी घटकाभर शांत झाली, रडक्या पोराला कडेवर घेतल्यासारखी. नवा दांडा बसवायचा, भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, घालायचे, एवढंच काम.

मी चहा सांगायला उठलोसुद्धा. तेवढ्यात वहिनीनं नळी पुन्हा त्याच्यापुढे धरली. "आता डावा कान लावा मागच्याला. त्याची सूंसूं खणखणीत आहे ना? एकदाची कानाचीही खात्री होऊन जाऊ दे."

कानसेनानं नळी घेतली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"राहू दे गं. एका दिवसाला एकच बिघाड पुरे."