रापणीसाठी डबा निवडताना

एखादं मशीन घ्यायचं ठरलं की आमच्या लॅबमध्ये मशीनच्या आधी किस्से येतात. मशीन यायला महिने लागतात, किस्से डेमोच्या दिवशीच सुरू!

कुडाळजवळच्या एका छोट्या कॉलेजात मी फिजिऑलॉजी शिकवतो. आमची सायली पीएचडी करतेय. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं भलंमोठं जाळं. ते ओढताना खांद्याचे स्नायू कसे थकतात, हा तिचा विषय. तिच्या बाबांचा, दशरथदादांचा, खांदा रापण ओढूनच कामातून गेला. त्यामुळे विषय तिला कुणी सुचवला नाही, तिने घरूनच आणला.

खांद्यावर इलेक्ट्रोड चिकटवायचे, त्यांचा सिग्नल एका डब्यात जातो, तिथून कॉम्प्युटरवर. त्या डब्याचं खरं नाव डेटा अ‍ॅक्विझिशन सिस्टिम. आम्ही डबाच म्हणतो. पावसाळ्यात रापण बंद. त्याआधी चालणारा डबा मिळाला नाही, तर पोरीचं अख्खं वर्ष बुडणार होतं.

*

डेमो रापणीवरच द्यायचा होता. पहिला सेल्समन टाय लावून वाळूत उतरला. "सर, सोळा चॅनेल, म्हणजे एकदम सोळा जागांचे सिग्नल! लागले तर अजून वाढवता येतात."

आमचे विभागप्रमुख परब सर शांतपणे म्हणाले, "चॅनेल वाढतील हो. माणसाचे खांदे दोनच राहणार!"

*

दुसऱ्याचा डबा प्लगवर चालणारा. चहाच्या टपरीवरून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत वीज वाळूपर्यंत आणली. स्क्रीनवर काय सुंदर, एकसारखी लाट!

"बघा मॅडम, किती स्वच्छ सिग्नल!"

सायली म्हणाली, "अजून कुणी दोरीला हातच लावलेला नाही. ही तुमच्या वायरमधली वीज दिसतेय."

त्याने रागाने प्लग उपटला. लाट गेली, आणि डबाही गेला.

*

केसाळ, घामट खांद्यांवर इलेक्ट्रोड टिकेनात. केस काढावे लागतील म्हटल्यावर रापण ओढणारा धिप्पाड बस्त्यांव मागे सरला. "माज्या बायलेक विचारूक होया!"

बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर. पलीकडून लगेच उत्तर आलं, "खांद्याचे काढतास तर मिशी पण काढा! मी सांगून थकलंय!"

*

तिसरा डबा साबणाच्या वडीएवढा. बॅटरीवर चालणारा, वायरची भानगड नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो बस्त्यांवच्या कमरेला बांधला. सायली नखं खात स्क्रीनकडे बघत होती. जाळं वाळूवर आलं तरी सिग्नल तुटला नाही! पोरगी तिथेच नाचली. परब सर म्हणाले, "हाच घ्यायचा."

मग मासळीचे वाटे पडले. रापणीत ओढणाऱ्याला वाटा, होडीला वाटा, जाळ्यालाही वाटा. दशरथदादा लांब सुरूच्या सावलीत बसले होते. खांदा गेल्यापासून ते किनाऱ्यावर येतच नसत. आले की मंडळी मासे पुढे करणार, आणि न ओढता घेणं त्यांना पटत नसे. त्या दिवशी फक्त लेकीचं काम बघायला आले होते.

रापणीचे प्रमुख जनूकाका बांगडे घेऊन त्यांच्याकडे गेले.

"नको रे. फुकटचो वाटो माका नको."

"तुका कोण दिता? ह्यो मशीनचो वाटो! शेवटापर्यंत दोरयेवर होतां ता. मासे काय खाणा नाय, म्हणान घरच्या माणसाकडे दितंय."

कुणी हसलं नाही.

दशरथदादांनी सायलीच्या हातातला डबा उलटसुलट करून पाहिला. मग चांगल्या हाताने बांगडे घेतले.

"गो," ते म्हणाले, "उद्या पण घेवन ये हेका."