काळं बूड

आमचा विस्कॉन्सिनमधला शेजारी डेलमार दर शनिवारी गॅरेजसमोर गॅसच्या शेगडीवर घरची बिअर करायचा. ज्योत पिवळी, त्यामुळे पातेल्याचं बूड काळंकुट्ट व्हायचं. मग त्याची बायको लवर्न ते मागच्या अंगणात अंधार पडेपर्यंत घासत बसायची. तीस वर्षं घासलं. बोटं वाकडी झाली तिची.

मार्चमध्ये ती गेली. पुढच्याच शनिवारी बघते तर ज्योत निळीशार, पातेलं लख्ख.

"काय केलंस रे मेल्या?" मी विचारलं.

"शेगडीची हवेची झडप थोडी उघडली. काजळीच धरत नाही मग."

"आणि हे तुला आज कळलं?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं," बिअर ढवळत तो म्हणाला. "पण मग ती शनिवारभर माझ्याशेजारी येऊन बसली असती."