यादीबाईंची समितीतली जागा

यादीबाई कोणालाही ‘कसे आहात?’ असे विचारीत नसत. ‘यादी आणलीत का?’ असे विचारीत. नाशिकच्या एका रुग्णालयात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी तिथेच कार्यालयीन अधीक्षक. जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य-ग्रंथालयात काय आहे ते एका वहीत उतरवून घ्यायचे, हा त्यांचा ध्यास. नियमाविरुद्ध काही दिसले की पत्र लिहायचे, हा माझा विकार.

सटाण्याच्या परिचारिकांना सर्पदंशावरचे पुस्तक हवे होते. वहीप्रमाणे ते सिन्नरला होते. बाईंनी फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "पुस्तक हाय बाई, पण कपाटाची किल्ली साहेबांकडं, अन् साहेब रजेवर."

"मग साहेबांच्या घरी जा. चहा घ्या, किल्ली घ्या."

संध्याकाळच्या एसटीने पुस्तक निघाले. पोचपावतीशिवाय झालेल्या या हस्तांतरणाला मी लेखी आक्षेप घेतला. बाईंनी तो शांतपणे वाचून फायलीला लावला. "आणखी काही, नाना?"

जिल्ह्याच्या पुस्तकखरेदी समितीत मात्र एकही ग्रंथपाल नव्हता. एका गावी जे पुस्तक न उघडता पडून असे, तेच समिती दुसऱ्या गावासाठी पुन्हा घेई. बाईंनी वही दाखवून दाखवून अध्यक्षांना वळवले. "पुढच्या बैठकीला येऊन बसा," ते म्हणाले. मी संतापलो. निमंत्रण तोंडी, म्हणजे कायद्याने शून्य.

"नाना, आधी मला आत बसू द्या. कायदा मागून येऊ दे."

"तोंडी बसवलेल्या माणसाला तोंडीच उठवतात, बाई."

त्यांना न विचारता मी ग्रंथपालांच्या प्रतिनिधित्वावर सात पानी पत्र धाडले; प्रती अकरा जणांना. अध्यक्षांनी धसका घेऊन प्रकरण विधी शाखेकडे पाठवले आणि अभिप्राय येईपर्यंत बैठकीला येऊ नये, असे बाईंना कळवले. अभिप्राय आला, ‘हरकत नाही’. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. समितीतल्या त्या जागेवर आज त्यांच्यानंतरची ग्रंथपाल बसते, बाईंचीच वही घेऊन.

मी माफीपत्र घेऊन नाशिक रोडला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाने चाळली.

"नाना, तुमचं चुकलं, हे कितव्या पानावर आहे?"

"पाचव्या."

"मग तेवढं पान द्या. सही करा त्याच्यावर. मी ठेवून घेते."

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. हे लिहायला बसलो तेव्हा चूक पहिल्याच ओळीत कबूल करायची, असे ठरवले होते. ती कुठे आली, हे वाचकांनी पाहिलेच आहे.